घरी चार्जिंगची सोय नाही, तरी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोल गाडी आता थकली आहे, बदलावीच लागणार. घरात सगळ्यांचा ओढा इलेक्ट्रिककडे आहे, माझाही. अडचण एकच, पण मोठी. इमारत जुनी आहे, स्वतःचं पार्किंग नाही, गाडी रस्त्याकडेला जिथे जागा मिळेल तिथे लागते. त्यामुळे घरचा चार्जर बसवायला भिंतच नाही. घरी सोय नसेल तर इलेक्ट्रिकच्या फंदात पडू नका, असं बरेच जण सांगतात. पुष्कळांसाठी ते खरंही असेल. आमचं थोडं वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. एक सेशन साधारण चार तासांचं. आधीची तयारी आणि नंतरची विश्रांती धरली तर गाडी रुग्णालयाच्या आवारात त्याहून जास्तच वेळ उभी असते. तिथल्या पार्किंगमध्ये 7.4 किलोवॉटचा एक एसी चार्जर (घरातल्यासारख्या विजेवर चालणारा, हळू) आहे. तो बघितला आणि मनात आलं की गाडी रात्री घरी उभी असताना चार्ज झाली काय आणि दुपारी तिथे झाली काय, बॅटरीला काय फरक पडतो?

गणित मांडून बघितलं. आमचं एकूण फिरणं, डायलिसिसच्या खेपा धरून, आठवड्याला अडीचशे किलोमीटरच्या आसपास. छोट्या गाडीला शंभर किलोमीटरला 15 युनिट लागतात असं धरलं तर आठवड्याला 37-38 युनिट. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणजे चार्जरवरून 42 युनिटपर्यंत घ्यावी लागेल. 7.4 किलोवॉटवर चार तास पूर्ण मिळाले तर एका सेशनमध्ये सुमारे 29 युनिट येतात. म्हणजे तीनपैकी दोन वेळा चार्जर मिळाला तरी आठवडा निघतो आणि वर थोडी शिल्लक राहते. कागदावर तरी हे छान जमतंय.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि विक्रेत्यांपैकी कुणी ती आपणहून सांगितली नाही. एसीवर गाडी किती वेगाने चार्ज होईल हे चार्जरवर छापलेल्या आकड्यावरच ठरत नाही, गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर (एसी वीज बॅटरीला चालेल अशा डीसी विजेत बदलणारं यंत्र) किती घेऊ शकतो हेही बघावं लागतं. तो 3.3 किलोवॉटचा असेल तर त्याच चार तासांत जेमतेम 13 युनिट मिळणार, आणि मग तिन्ही वेळा चार्जर मिळूनही आठवडा पुरणार नाही. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांना याने काही अडत नाही, रात्रभर गाडी उभीच असते. आमच्यासारख्यांना मात्र रेंजपेक्षा हा आकडा महत्त्वाचा वाटतो. माझं हे बरोबर आहे ना? की 7 किलोवॉटच्या आसपासचा ऑनबोर्ड चार्जर असलेली गाडीही प्रत्यक्षात त्याहून कमी घेते?

आता खरी भीती. तो चार्जर एकच आहे. मी जाता-येता बघते, कधी कुणाची गाडी चार्ज होऊन तशीच उभी असते, कधी तर पेट्रोल गाडीच त्या जागेवर लावलेली असते. सुरक्षारक्षकांशी बोलले, ते चांगले आहेत, पण त्यांच्या हातात फार काही नाही. डायलिसिसला आलेल्या माणसांच्या नातेवाइकांना तो चार्जर ठरलेल्या वेळी राखून मिळावा, अशी विनंती व्यवस्थापनाकडे लेखी करावी असा विचार आहे. कुणी आपल्या ऑफिसात किंवा रुग्णालयात असं काही करून घेतलं असेल तर कसं पटवलं ते कृपया लिहा.

दुसरा आधार म्हणजे वाटेवरचा 50 किलोवॉटचा डीसी चार्जर, म्हणजे थेट बॅटरीला वीज देणारा वेगवान चार्जर. 40 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 24 युनिट लागतात, म्हणजे हिशेबाने अर्धा तास, प्रत्यक्षात पाऊण तास धरते. 80 च्या पुढे वेग उतरतो हे माहीत आहे. काही यंत्रांवर दोन गाड्या लागल्या की वीज दोघांत वाटली जाते, हेही वाचलं. मला विचारायचं आहे ते असं: महिनोन्‌महिने बरंचसं चार्जिंग डीसीवरच केलेलं इथे कुणी आहे का? बॅटरीची क्षमता किती उतरली? उन्हाळ्यात लांबचा रस्ता कापून लगेच डीसीला लावल्यावर गाडीने चार्जिंगचा वेग कमी केला का?

बॅटरीच्या प्रकारावरूनही माझं ठरत नाहीये. एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. एनएमसी असेल तर रोजच्या वापरात 80 टक्क्यांवर थांबा असं सांगतात. एलएफपीला 100 टक्के चालतं, उलट अधूनमधून पूर्ण भरायलाच सांगतात, नाहीतर किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. घरी चार्जर नसलेल्याला मिळेल तेव्हा पूर्ण भरून घेता येणं ही मोठी सोय आहे, म्हणून मन एलएफपीकडे झुकतंय. पण थंडीत ती हळू चार्ज होते म्हणतात. थंडीत वापरणाऱ्यांनी सांगावं.

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बाबांना रात्री-बेरात्री कधीही न्यावं लागू शकतं. रुग्णवाहिका बोलावता येते, पण दर वेळी तेवढा धीर नसतो. म्हणून 40 टक्क्यांखाली गाडी घरी आणायचीच नाही असा नियम करायचा विचार आहे. हा नियम तुम्ही कुणी पाळता का, की दोन आठवड्यांत मोडतो? उभ्या गाडीचा चार्ज रोज किती उतरतो? कॅमेरे आणि ॲप सतत जागे ठेवले तर जास्त उतरतो, हे खरं का?

भर: एक्स्टेंशन वायर आणि हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) यांबद्दल विचारणा झाली म्हणून इथेच लिहिते. खिडकीतून एक्स्टेंशन वायर सोडण्याचा सल्ला मी घेणार नाही. तासन्‌तास मोठा प्रवाह वाहिला की साधी वायर आणि प्लग तापतात, आणि ती वायर पायवाटेवरून जाणार, जिथून मुलं आणि म्हातारी माणसं चालतात. हायब्रिडचा विचार केला आहे. तो पर्याय वाईट नाही, पण रुग्णालयाच्या चार्जरचं जमलं तर मला इलेक्ट्रिकच हवी आहे. बाबांना प्रवासात आवाज आणि हादरे सहन होत नाहीत. टेस्ट ड्राइव्हला ते मागे बसले होते आणि घरी येईपर्यंत झोपले.

बुकिंग करण्याआधी तशीच एखादी गाडी काही दिवस भाड्याने घेऊन हा सगळा क्रम खराखुरा जगून बघणार आहे. त्या दिवसांत नेमकं काय काय तपासू, काय नोंदवून ठेवू, एवढं तरी नक्की सांगा.