मदत हवी आहे: अंदमानचं जंगल बघायचंय, सगळे फक्त स्कुबाच सांगतायत

बागवाला_गुहागर
नमस्कार मंडळी. अंदमानची तिकिटं काढून झालीत, पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे जावं की न जावं हा प्रश्नच नाही. अडचण अशी की ज्याला विचारावं तो सेल्युलर जेल, हॅवलॉक, स्कुबा एवढंच सांगतो, एजंटने पण तेच छापील पॅकेज पाठवलंय. समुद्र मला रोज पडवीतून दिसतो हो, नुसत्या पाण्यासाठी एवढ्या लांब कशाला जाऊ? मला तिथलं सदाहरित जंगल बघायचंय, खाडीतली तिवरं, पक्षी, कासवं आणि जमलं तर प्रवाळ. कुठे राहू आणि कुठली बेटं धरू एवढंच सांगा. लवकर सांगा, एजंटला उद्या कळवायचंय.

खाडीकाठची
दादा, कधी जाताय? सोबत कोण आहे? लहान मुलं, म्हातारी माणसं? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

मालवणी_तांडेल
अरे भावा, इतक्या लांब कित्याक जातंस? मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आसा, प्रवाळ आसत. जंगल व्हया तर आंबोलीक जा, तिलारीक जा. तारकर्लीक ये, स्कुबा मी स्वतः करून देतंय.

बागवाला_गुहागर
तांडेलभाऊ, तिकिटं काढलीत म्हटलं ना वर. आणि ताई, आंबा उतरल्यावरच जाणार, त्याआधी बाग सोडून कसं जाऊ? मी, बायको, मुलगी आणि बाबा.

खाडीकाठची
आंबा उतरल्यावर म्हणजे मे की जून? बाबांना कितपत चालवतं?

बागवाला_गुहागर
मेचा शेवटचा आठवडा. पाऊस सात-आठ जूनला येतो, तोपर्यंत आम्ही परत. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात, चढ नको.

पक्षीवेडा_संगमेश्वर
हे आधी सांगायला हवं होतंत, कारण सगळं गणित इथेच बदलतं. सात-आठ जून आपल्याकडचं झालं. मोसमी पाऊस आधी अंदमानच्या समुद्रात येतो, साधारण २०-२२ मेच्या सुमाराला, आणि मग केरळ करत आपल्याकडे. म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा तिथे बहुतेक पाऊस लागलेला असणार. घाबरू नका, जंगल बघायला हे वाईट नाही, बेडूक, अळंबी, ओलं रान सगळं जिवंत असतं. पण समुद्र खवळला की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे तीन-चार बेटं एकामागून एक लावलीत तर एक बोट चुकली की पुढचं सगळं कोसळेल. मुक्काम दक्षिण अंदमानातच ठेवा, पोर्ट ब्लेअरला (तिकिटावर आता श्री विजयपुरम दिसेल). चिडियाटापू तिथून गाडीने जवळ, पक्ष्यांसाठी उत्तम. माउंट हॅरिएटला, म्हणजे आताच्या माउंट मणिपूरला, वरपर्यंत गाडी जाते, बाबांना चढायला लागणार नाही आणि दोन्ही बाजूंना खरं दाट रान. गर्जनाची सरळसोट उंच झाडं बघून मान दुखेल. पडौक पण बघा, आपल्या बिवळ्याच्याच जातकुळीतला. काळा सुतार, सर्पगरुड, क्रेक हे त्या बेटांपुरतेच सापडणारे पक्षी आहेत, पहाटे शांत उभं राहायची तयारी ठेवा. घरांच्या भिंतीवर नि केवड्यावर दिवसाउजेडी फिरणारी हिरवीगार पाल दिसते, मुलीला नक्की दाखवा.

सह्याद्री_भटक्या
धनेश पण भरपूर दिसतील! आणि रॉस बेटावर हरणं हमखास, अगदी जवळ येतात.

पक्षीवेडा_संगमेश्वर
भटक्या, धनेश नाही. तिथला धनेश फक्त नारकोंडम बेटावर आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तिथे पर्यटकाला सहज जाता येत नाही. रॉसची हरणं म्हणजे आपलं चितळ, इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेलं. तिथे त्याला खाणारा वाघ-बिबट्या कोणीच नाही, म्हणून बेसुमार वाढलं आणि जंगलातली नवी रोपं खाऊन टाकतं. त्याला तिथलं वन्यजीवन म्हणून दाखवू नका.

सह्याद्री_भटक्या
पण लहान मुलीला हरीण बघून आनंद होईलच ना, प्रत्येक गोष्टीत शास्त्र कशाला.

बागवाला_गुहागर
धनेश आमच्या वाडीतल्या वडावर येतात, त्याची काळजी नको. कासवांचं सांगा कोणीतरी. आणि तिवरं?

खाडीकाठची
कासवं अंडी घालायला येतात ती थंडीत. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे, डिसेंबर ते फेब्रुवारी, चार जातींची येतात. मे अखेरीला ते धरू नका, शिवाय रस्ता खूप लांबचा, बाबांना झेपणार नाही. वेळासला, आंजर्ल्याला मार्चमध्ये जा, पिल्लं समुद्रात जाताना बघा, तुमच्यापासून जवळ आहे. तिवरं मात्र बाराटांग बेटाची बघाच. छोट्या बोटीतून खाडीत आत जातो आणि दोन्ही बाजूंनी मुळांचं जाळं डोक्यावर येतं. आपल्या आचऱ्याची खाडी आवडत असेल तर तिथे जीव रमेल. पुढे चुनखडीच्या गुहेपर्यंत चालावं लागतं, बाबांनी बोटीजवळ थांबलेलं बरं. आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, वाशिष्ठीतल्या मगरीपेक्षा खूप मोठ्या, हात पाण्यात घालू नये.

रानमेवा_दापोली
बाराटांगला रस्त्याने जाऊच नका. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो भाग बंद करायला सांगितलं होतं, तरी गाड्यांचे ताफे जातातच. आत थांबायला नि फोटो काढायला बंदी आहे, तरी काही पर्यटक खिडकीतून माणसं बघायला जातात, हे मला मनापासून चीड आणणारं वाटतं. समुद्रमार्गे बोट असेल तर ती घ्या.

खाडीकाठची
ताई, तुमचं पटतं, पण मे अखेरीला समुद्रमार्गाचा भरवसा नाही आणि त्याच रस्त्यावर तिथल्या गावांची रोजची ये-जा पण आहे. खिडकी बंद ठेवून, न थांबता गेलं तर चालेल असं मला वाटतं.

रानमेवा_दापोली
मला नाही वाटत. गावकऱ्यांना दुसरा मार्ग नाही, आपल्याला आहे. न जाण्याचा.

निवृत्त_काका_अलिबाग
निकोबारला पण जाऊन या, ग्रेट निकोबारचं जंगल सर्वांत सुंदर. आणि मुलीला सेल्युलर जेल दाखवल्याशिवाय परत येऊ नका. चॅथमची लाकडाची गिरणी १८८३ची आहे, तीही बघा.

पक्षीवेडा_संगमेश्वर
काका, निकोबारसाठी वेगळा परवाना लागतो, पर्यटक म्हणून सहज मिळत नाही. त्यांना गोंधळात पाडू नका.

बागवाला_गुहागर
तिवरं आम्ही इथेच बघू, रस्त्याचं ऐकून बायको नाहीच म्हणाली. प्रवाळाचं काय? पोहता येतं मला, स्कुबा नको.

पक्षीवेडा_संगमेश्वर
वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, जॉली बॉय बेट. पावसाळ्यात ते बंद करून रेडस्किन बेट उघडतात, तारखा हवेवर बदलतात, वनखात्याला फोन करून विचारा. प्लास्टिक नेऊ देत नाहीत. शंख, मेलेलं प्रवाळ काहीही उचलू नका, गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात. हॅवलॉकला एकच मुक्काम ठेवा आणि तो शेवटी नाही, मधे, म्हणजे बोट रद्द झाली तरी परतीचं विमान चुकणार नाही. तिथल्या राधानगर किनाऱ्यावर वाळूला लागूनच उंच झाडांचं रान आहे, बाबा सावलीत बसतील, तुम्ही फिरा.

मालवणी_तांडेल
मे अखेरीक आमचा स्कुबा पण बंदच होता, ता खरां. ऑक्टोबरात येवा.

बागवाला_गुहागर
एजंटला कळवलं: हॅवलॉक एक रात्र मधे, बाकी सगळं दक्षिण अंदमान, हॅरिएट आणि चिडियाटापू पहाटे. तो म्हणतो पहाटे गाडी कोणी मागत नाही, पण देतो. ऑक्टोबरात बागेची फवारणी असते तांडेलभाऊ. एकच राहिलं, जळवा असतात का?

खाडीकाठची
असतात. पँट मोज्यात खोचा, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. आणि बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नकोत.