मुंबईतली जपलेली घरं: आधी कुठलं दाखवावं?

काल माळा आवरताना आजीचा पेटीचरखा सापडला. चातीवर अजून वीतभर सूत होतं! मी दुसरीत असताना ती मला मणिभवनात घेऊन गेली होती. गांधीजींच्या खोलीतल्या चरख्यासमोर हात जोडून कितीतरी वेळ उभी होती. मी तोवर शेजारी काचेमागचे बाहुल्यांचे देखावे बघून घेतले. रविवारी नागपूरची भाची येतेय, नववीतली. दुपार एकच मोकळी. मणिभवन की दादरचं राजगृह? अनुभव सांगा.

गिरगावकरीण: मणिभवनच. 1917 ते 1934 गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथे. गच्ची चुकवू नका. 4 जानेवारी 1932 ला पहाटे त्यांना तिथूनच पकडून नेलं. लेकाला तिथे उभं करून सांगितलं, तर एरवी अखंड बडबडणारा तो खाली येईपर्यंत बोलला नाही.

सुमेध: आमचं 6 डिसेंबरला चैत्यभूमी, मग राजगृह. वडील परभणीहून यायचे. रांग कितीही असो, उंबऱ्याला हात लावल्याशिवाय गाडी धरायची नाही. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर ते. रमाई गेल्या त्याही तिथेच, 27 मे 1935. आम्ही दारात पोचलो की वडिलांचा आवाजच बदलायचा.

मीनलची आई: आम्हालाही जायचंय, पण सासूबाईंचे गुडघे. जिने किती?

गिरगावकरीण: मणिभवनात वर चढावं लागतं गं. राजगृहात बघायचं ते तळमजल्यावर, तिकडेच न्या. शेक देताय ना?

मीनलची आई: रोज रात्री. पावसात फारच धरतात. दादरला बसून जेवायला काय आहे, म्हणजे त्यांनाही जरा बाहेर पडल्यासारखं वाटेल?

खादीवाला: चरखा फिरतो का? दोरी कुजली असेल, ओढू नका. जाडसर सुती दोरा मेण लावून घाला. पेळू माझ्याकडे आहेत, देतो.

फिरला! दोरा बदलल्यावर दोनदा अडला, मग आजीचा तो घुर्रर्र आवाज. स्वयंपाकघरातून आई धावत आली.

भाचीला फोन केला. "पुस्तकांचं घर आधी," म्हणाली. दादर ठरलं, मणिभवन दिवाळीत. सुमेध, स्टेशनवरून चालत जमेल?

सुमेध: आरामात, ताई. पूर्वेला उतरा, हिंदू कॉलनी विचारा. कुणीही सांगेल.