जुना वस्तरा, नैसर्गिक दगड आणि ‘फॅड’ म्हणणारे

सातरस्ता
वस्तऱ्याला धार लावण्यावरच्या कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: ‘नैसर्गिक दगड म्हणजे पैसेवाल्यांचं फॅड. १०००, ४००० आणि ८००० नंबरचे (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) कारखानी दगड घ्या, वर चामड्याच्या पट्ट्याला हिरवी पेस्ट चोळा, विषय संपला.’ दोन ओळींत उत्तर देण्याजोगं हे नाही, म्हणून वेगळा धागा.

नव्या वस्तऱ्याला हे चालेलही. पण इथल्या बहुतेकांकडे काय आहे? आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला जर्मनीतल्या झोलिंगेनचा नाहीतर इंग्लंडमधल्या शेफिल्डचा वस्तरा, आधीच तीन-चार हातांनी घासलेला. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. म्हणजे दर घासणीला दोन्हीकडचं पोलाद जातं. नवखा माणूस १००० वर जोर लावून बसला की पाठ सपाट होते आणि पात्याची रुंदी घटते. गेलेलं पोलाद कुठून आणणार?

आता बेल्जियमच्या आर्देनमधला कोटिक्यूल हा पिवळा नैसर्गिक दगड घ्या. मऊ अभ्रकी थरात गार्नेटचे बारीक कण बसलेले. कण बहुपैलू, गोलसर, त्यामुळे ओरखडा उथळ. त्याच दगडाच्या छोट्या तुकड्याने पाणी घालून घासलं की दुधाळ लगदा निघतो. लगदा दाट असताना दगड भराभर कापतो. थेंब थेंब पाणी घालत पातळ करत नेला की तोच दगड धार साफ करत जातो. हाताला सगळं कळतं. आधी पातं खरखरतं, मग पाणी धारेच्या पुढे सरकायला लागतं, शेवटी पातं दगडाला चिकटून ओढल्यासारखं होतं. दाढीनंतर तुरटी फिरवा, चुणचुण होते की नाही ते गालच सांगेल. हे ज्याने अनुभवलंच नाही त्याने फॅड म्हणू नये.

होटगीरोड
तो ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

धार न लागण्याची दहातली नऊ कारणं एकच असतात: बेव्हल, म्हणजे धारेलगतचा घासलेला उतार, बसलेलाच नसतो. दोन्ही बाजू धारेवर टोकापर्यंत भेटल्याच नाहीत, तर वर कोटिक्यूल फिरवा नाहीतर जपानमधल्या क्योटोचा नाकायामा दगड, काही होणार नाही. बेव्हल १००० वर बसतो, लवकर बसतो, आणि भिंगाखाली दिसतो. नैसर्गिक दगडाला नंबर नसतो. एकाच खाणीतले दोन तुकडे सारखे वागत नाहीत. नवख्याने कशावर विश्वास ठेवायचा?

आणि परंपरेचं म्हणाल तर कार्बोरंडम हा घासणीचा कृत्रिम पदार्थ १८९१ मध्ये अमेरिकेतल्या अॅचेसनने बनवला. विसाव्या शतकात न्हाव्यांसाठी लहान कारखानी दगड सर्रास विकले जायचे. तुमच्या आजोबांचा वस्तरा बहुधा त्यावरच घासला गेलाय.

बाळीवेस
माझं सलूनच आहे, म्हणून बोलतो. वडिलांच्या धोकटीत दगड एकच होता, राखाडी, मधोमध खोलगट झालेला. कुठल्या देशाचा कुणास ठाऊक. त्यांचा सगळा भर पट्ट्यावर. गिऱ्हाइकाआधी पट्ट्यावर आणि मग तळहातावर. दगड क्वचित निघायचा.

आता ‘विंटेज शेव’ मागायला पोरं येतात. मी स्पष्ट नाही म्हणतो. एकच वस्तरा दहा जणांच्या गालावरून फिरवणं एड्स आणि कावीळ-बीच्या भीतीनं बंद झालं, ते बरंच झालं. आता अर्धं ब्लेड, दर गिऱ्हाइकाला नवीन. आमच्यावर ‘कला बुडवली’ असं लिहिणाऱ्यांनी आधी हे बघावं. घरी स्वतःच्या गालावर काय करायचं ते करा.

जुळेसोलापूर
बेल्जियम आणि जपान कशाला पाहिजे बे? आपल्याकडचा काळा फत्तर काय वाईट आहे? गावाकडे आमचे आजोबा विहिरीच्या पायरीवर विळा घासायचे, कडबा असा कापला जायचा की बघत राहावं. परदेशी दगडावर हजारो रुपये घालवायचे आणि घरच्या दगडाला नावं ठेवायची!

होटगीरोड
विळा आणि वस्तरा एक नाही हो.

जुळेसोलापूर
धार ती धार.

भूगर्भ_सर
नाही, धार ती धार नाही. आपला फत्तर म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे स्फटिक एकमेकांत गुंतून घट्ट झाले. घासताना नवे कण मोकळे होत नाहीत, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि कापणं मंदावतं. त्यात जागोजाग वायूची भोकं, ती पुढे गारगोटी नाहीतर झिओलाइट या खनिजाने भरलेली. विळ्याला त्याचं काही नाही. पण वस्तऱ्याची धार गारगोटीच्या एका खड्यावरून गेली की कपचा उडालाच. वस्तऱ्याचे नावाजलेले दगड बघा: जर्मनीतल्या थुरिंजियाचा पाटीचा दगड, अमेरिकेतल्या आर्कान्साचा नोव्हॅक्युलाइट, कोटिक्यूल. सगळे समुद्रतळाच्या बारीक गाळातून घडलेले, पुढे दाबाखाली घट्ट झालेले. आपल्या जिल्ह्यात तसा खडकच नाही.

जुळेसोलापूर
सर, पुस्तकातलं सांगू नका. सगळ्या फत्तराला भोकं नसतात. आमच्या विहिरीचा दगड एकदम घट्ट आहे, नखाला खडबड लागत नाही. सोलापूरचं म्हटलं की नाक मुरडायचं ही सवयच लागलीय सगळ्यांना. चादर जगभर गेली, तेव्हा नाही कुणी बेल्जियमला विचारलं.

भूगर्भ_सर
चादरीचा इथे संबंध काय? मी सोलापूरचाच आहे. घट्ट बेसाल्ट असतो, हे मान्य. पण घट्ट असणं आणि बारीक कापणं वेगळं. भिंगातून बघितलंत का कधी?

बाळीवेस
भांडा नंतर. खरं नुकसान दगडानं होत नाही, चक्रानं होतं. मामांचा जर्मन वस्तरा कुणीतरी बाजारात फिरत्या चक्रावर धरून आणला. धारेवर निळी झाक. पोलादाचं पाणी उतरलं, मग तो वस्तरा सुरीच्याही कामाचा राहिला नाही. तेवढा निळा भाग घासून काढायचा तर अर्धं पातं जातं. त्यापेक्षा विहिरीची पायरी परवडली.

जुळेसोलापूर
ऐका! दुकानदार पण तेच म्हणतायत.

बाळीवेस
मी तसं म्हटलं नाही.

सातरस्ता
धागा वस्तऱ्यावर आहे, फत्तरावर नाही. होटगीरोड, तुम्ही पाठीच्या झिजेवर एक शब्द बोलला नाहीत. आणि हिरव्या पेस्टचं काय? क्रोमियम ऑक्साइडने धार दिवसभर बरी वाटते, पण सारखी पेस्ट चोळत राहिलं की धार गोलावते, मग परत दगड. म्हणजे परत पोलाद.

होटगीरोड
बरं. पाठीचं मान्य. शेवटचा हात कोटिक्यूलवर दिला तर धार गालाला मऊ लागते, हेही मी नाकारलेलं नाही. मित्राच्या दगडावर बघितलंय. पण कपचे उडालेली धार लगद्यावर बसवायला संध्याकाळ जाते, आणि कंटाळलेला माणूस जोर लावतो. जोर लावला की पोकळ (दोन्ही बाजूंनी आत घासून पातळ केलेलं) पातं वाकतं आणि तुमचं सगळं शास्त्र तिथेच संपतं. सांगा, कपचे असतील तर काय करणार?

सातरस्ता
कपचे असतील तर १०००, पाठीला इन्सुलेशन टेप लावून, हात हलका, कपचे गेले की लगेच थांबायचं. पुढचं सगळं कोटिक्यूलवर. गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर कुठलाही दगड उपयोगाचा नाही, तो वस्तरा कपाटात ठेवा.

होटगीरोड
म्हणजे १००० लागतोच. आणि टेप लावला की कोन वाढतो, तो काढून घासलं तर दगड धारेला टेकतच नाही, हे पण नवख्यांना सांगा.

सातरस्ता
सांगतो. पहिल्या घासणीला टेप असेल तर शेवटपर्यंत ठेवा, आणि घासून फाटला की नवा लावा. शेफिल्डच्या जाड, पोकळ न केलेल्या पात्यांना तर तो लागतोच, नाहीतर बेव्हल अर्ध्या पात्यापर्यंत चढतो.

जुळेसोलापूर
सर, पुढच्या आठवड्यात विहिरीचा तुकडा घेऊन येतो. भिंग तुमचंच.

भूगर्भ_सर
आणा. सोबत जुना विळा आणा, वस्तरा आणू नका.