डिचोलीत घरगुती संगणक आणि भरवशाचा तंत्रज्ञ : मार्गदर्शन हवे

सर्वांस नमस्कार. आमच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे; त्याचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठी लागणारी चिप) नसल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून नवा संगणक घ्यायचा आहे. मुलीचा अभ्यास, वडिलांचे बँकेचे व्यवहार आणि मराठी टंकलेखन एवढाच वापर असल्याने १६ जीबी रॅम (चालू कामाची स्मृती) व ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची जागा) पुरेशी ठरावी. मला डेस्कटॉपच बरा वाटतो, कारण बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो.

खरी काळजी दुरुस्तीची आहे. गेल्या पावसाळ्यात संगणक नुसता बीप देत राहिला, तेव्हा एका दुकानदाराने मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) बदलायला सांगितला आणि दुसऱ्याने रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने पुसून तो चालू करून दिला. हा दुसरा गृहस्थ आता गोव्यात नाही. डिचोली, म्हापसा किंवा पणजीतून घरी येणारा, खर्च आधी सांगणारा आणि काढलेला जुना भाग परत देणारा तंत्रज्ञ कोणाच्या अनुभवात असल्यास कृपया कळवावे. कंपनीची घरपोच वॉरंटी आपल्या गावांपर्यंत प्रत्यक्षात पोचते का आणि वीज सारखी जात असताना ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस (वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारे यंत्र) पुरतो का, हेही सांगावे.