आत्याचा जपानी भातुकलीचा टी-सेट: शिक्के वेगळे, मग सेट एकच का?

गिरगावची_भाची:
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माळा रिकामा करताना ट्रंकेत आत्याचा भातुकलीतला चहाचा सेट सापडला. किटली माझ्या मुठीत मावते. साखरदाणी, दुधाचं भांडं, चार कप, पाच बश्या. बाहेरून फिकट निळा, आतून केशरी, आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमक. किटलीच्या बुडाला लाल अक्षरांत 'मेड इन ऑक्युपाइड जपान', बश्यांवर नुसतं 'जपान', दोन कप कोरेच. किटलीला झाकण नाही.
एक चूक झाली. एक बशी साबणात भिजवून हिरव्या घासणीने घासली, तर अंगठ्याएवढा केशरी रंग निघून खाली पांढरं दिसायला लागलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही. रंग परत भरता येईल का? आणि हे सगळं एकाच सेटमधलं आहे का?

बशीवाला_परळ:
ताई, सगळ्यात आधी घासणी लांब ठेवा. ती चमक झिलईच्या आत नसते. भांडं झिलई देऊन भाजून झालं की वरून धातूचा अगदी पातळ थर देतात आणि कमी आचेवर पुन्हा भाजतात. म्हणून ती घासली की जाते. रंग भरायला कुणाकडेही देऊ नका, भरलेला रंग उन्हात लगेच ओळखू येतो. कोमट पाणी, बोटं आणि मलमलचं फडकं, बस.
शिक्क्यांचं म्हणाल तर महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता, एप्रिल १९५२ पर्यंत. 'ऑक्युपाइड' शिक्का त्या काळातला. पण तेव्हाही काही मालावर नुसतं 'जपान' असायचं, आणि खेळण्यातल्या एवढ्याशा कपांवर तर कित्येकदा काहीच नसायचं. नुसत्या 'जपान'वरून साल काढू नका, तो शिक्का १९२१ नंतर सर्रास दिसतो. त्याआधी अमेरिकेला जाणाऱ्या मालावर 'निप्पॉन' लिहीत.
कप पालथे घालून शेजारी शेजारी ठेवा. बुडाच्या कडेला झिलई नसते तिथे मातीचा रंग बघा, मग कानाचा बाक, मग निळ्याची छटा. तिन्ही जुळलं की सेट एक. मी शिक्क्यापेक्षा कानावर जास्त विश्वास ठेवतो.
आत्यांना तो मिळाला तेव्हा त्या केवढ्या होत्या?

मटणस्ट्रीट_रविवार:
झाकणासाठी चोर बाजारात जायचं तर शुक्रवार सोडून जा, बरीच दुकानं बंद असतात. किटली सोबत न्या, नुसतं माप नेऊन चालत नाही, कड बसायला हवी. सुट्या झाकणांची टोपली मागा, दुकानदार आपणहून काढत नाहीत. आणि निळं मिळालं नाही तर दुसऱ्या रंगाचं घेऊ नका, बिनझाकणाचीच राहू द्या.

गिरगावची_भाची:
काल कप पालथे घातले. मातीचा रंग सगळ्यांचा एकच, किंचित करडा. चारही कान वरच्या बाजूला तसेच टोकदार. पाचव्या बशीचा निळा मात्र गडद आहे, ती दुसरीकडची असावी.
आत्या आज ७९ वर्षांची आहे. म्हणाली, "बोटीवरून काकांनी आणला तेव्हा मी पाच वर्षांची." म्हणजे १९५१ च्या आसपास, शिक्क्याशी जुळतंय! घासलेली बशीही दाखवली. तिने त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "झाकण मीच फोडलं होतं, विहिरीच्या कठड्यावर."
झाकण शोधायला आता जाणार नाही.

बशीवाला_परळ:
बरोबर केलंत. ती गडद बशी मात्र टाकू नका, आत्यांना विचारा कुणाची होती.