मदत हवी आहे: पॉपर बर्न डेकमध्ये १७ माउंटन पुरतील का १८?

मंडळी, मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला पॉपर हा प्रकार खेळणारं कोणी आहे का इथे? फक्त कॉमन कार्डं चालतात म्हणजे खिशाला परवडेल असं वाटून मी मोनो रेड बर्न (फक्त लाल कार्डांचा, थेट डॅमेज मारून जिंकणारा डेक) बांधलाय. लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, थर्मो-अल्केमिस्ट सगळे ४-४ आणि माउंटन (लाल माना, म्हणजे कार्ड खेळायची ताकद देणारी लँड) १८. हिशोब साधाच, समोरच्याचं लाइफ २०, एका बोल्टचं डॅमेज ३, म्हणजे सात कार्डं लागली की विषय संपला.

पण होतं काय की चौथ्या-पाचव्या टर्नला तो ५-६ लाइफवर येतो आणि मग मला नुसते माउंटनच येत राहतात, बरं एक कमी करून १७ केले तर फायरब्लास्ट माना न देता टाकायला दोन माउंटन सॅक्रिफाइस करायचे कुठून, सुरुवातीला तर हात अडकूनच पडतो.

दुसरं दुखणं म्हणजे हिरव्या डेकवाले साइडबोर्डमधून (दोन गेमच्या मध्ये बदलायला ठेवलेल्या जादा कार्डांतून) वेदर द स्टॉर्म आणतात, ते ३ लाइफ देतं आणि त्या टर्नला आधी पडलेल्या प्रत्येक स्पेलमागे त्याची एक कॉपी होते. परवा मी एकाच टर्नला दोन बोल्ट टाकले, त्याने त्यावर हे कार्ड खेळलं, माझे दोन स्पेल धरून कॉपी दोन झाल्या आणि पठ्ठ्याने ९ लाइफ घेतलं, माझी तीन कार्डं गेली पाण्यात 😭 मग टर्नला एकच स्पेल टाकायचा का? पण तेवढा वेळ दिला तर तो टेबलावर क्रीचर भरून मलाच मारतो.

साइडबोर्डचे १५ कसे लावता तेही सांगा, मी निळ्या कार्डांविरुद्ध पायरोब्लास्ट ४ धरलेत पण आमच्याकडे निळे डेक दोनच आहेत.