रजेचं कारण विचारणं साहेबांनी बंद करावं का?

भोसरीचा सुपरवायझर

माझं मत आधीच सांगतो. शिल्लक असलेली रजा कोणी मागितली, तर वरच्याने "किती दिवस?" आणि "परत कधी?" एवढंच विचारावं. "कशासाठी?" विचारू नये. साहेब आणि कामगार यांचं नातं सुधारायचं म्हणून कंपन्या सहली काढतात, वाढदिवसाला केक कापतात. मला वाटतं ते नातं रजेच्या कार्डावर बनतं किंवा बिघडतं.

मी एका मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं आहे. पहिली चार वर्षं टर्निंगवर होतो, मग सुपरवायझर झालो. आमच्या कार्डावर चार रकाने आहेत: तारीख, दिवस, कारण, सही. त्यात कारणाचा रकाना सगळ्यात रुंद. पाच वर्षं मी त्यात एकच मजकूर वेगवेगळ्या अक्षरांत वाचतोय. घरगुती काम. ताप. गावी जाणे. नातेवाइकाचे लग्न.

माझ्या पाळीत एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर होता. कामाला चोख, त्याच्या मशीनचं रिजेक्शन सगळ्यांत कमी. तीन वर्षं झाली तरी पर्मनंट झालेला नव्हता. दर तीन-चार आठवड्यांनी एक दिवस त्याची रजा असायचीच. एकदा मार्चअखेर डिस्पॅच अडकलेला असताना मी त्याचं कार्ड घेऊन लाइनवर गेलो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "वर्षात तीन मेहुण्यांची लग्नं झाली का रे?" बाकीचे हसले. तो काही बोलला नाही. हातातला पीस व्हर्नियरने मोजत राहिला. तोच पीस त्याने पुन्हा मोजला, मग परत एकदा.

जूनमध्ये दुसऱ्याच माणसाकडून कळलं की त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, अख्खा दिवस जातो. त्याने ते लपवलं, कारण पर्मनंटच्या यादीतून नाव जाईल अशी त्याला भीती होती. ती भीती खोटी होती असं मी म्हणू शकत नाही. "याच्या घरी अडचण आहे, हा दांड्या मारणार" असं बोलून एखाद्याचं नाव मागे टाकलेलं मी स्वतः ऐकलंय.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलं नसतं तर मला खोटं बोलावं लागलं नसतं." दिवाळीनंतर तो दुसरीकडे लागला.

कायद्यातही कारणाची अट नाही. कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक दिवस भरपगारी रजा मिळायची (त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत २४० चे १८० झाले). १९४८ च्या कायद्यात अर्ज १५ दिवस आधी आणि लेखी द्यायचा, एवढंच म्हटलं होतं. कमावलेली रजा आहे ती. पगार घेताना कोणी विचारतं का, कशाला खर्च करणार म्हणून?

विरोधी मतं जरूर लिहा.

शिफ्ट इन्चार्ज, रांजणगाव

तुमच्या ऑपरेटरची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण कार्ड लाइनवर वाचून दाखवलंत ही तुमची चूक होती. तिचं खापर प्रश्नावर फोडू नका.

आमच्याकडे तीन पाळ्या चालतात. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही तर पहिल्या पाळीचा घरी जात नाही, तो डबल ड्युटी करतो. सकाळी साडेसहाला आलेला माणूस रात्री साडेदहाला कानटोपी चढवून गाडीला किक मारतो, तेव्हा मी गेटवर उभा असतो. त्याचा चेहरा मला दिसतो. रजेचा बोजा साहेबावर पडत नाही, शेजारच्या मशीनवर पडतो. एकाच दिवशी दोन अर्ज आले आणि माणूस एकच सोडता येत असेल, तर निवडायचं कसं? एकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि दुसऱ्याला जत्रेला जायचंय. मी विचारलं नाही तर चिठ्ठ्या टाकू का? न विचारता मी जत्रेवाल्याला सोडलं आणि दुसऱ्याची आई एकटी दवाखान्यात गेली, तर ते नातं सुधारलं का?

आणि कायदा सांगताय तर पूर्ण सांगा. त्याच १९४८ च्या कायद्यात ही रजा वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळाच घेता येत होती. दर तीन आठवड्यांना एक दिवस त्यात बसतच नाही. तुमच्या ऑपरेटरला जी सवलत हवी होती ती कोणीतरी कारण ऐकूनच दिली असती.

ठाण्याची, आयटीत

कारण विचारू नये हे मला शंभर टक्के पटतं, आणि माझं कारण साधं आहे. मासिक पाळीच्या पहिल्या दिवशी मी एकवीस जणांच्या टीममध्ये, वयाने माझ्याहून लहान असलेल्या मॅनेजरला काय लिहू? मी "पोट बिघडलंय" लिहिते. अकरा वर्षं लिहितेय. बिहार सरकारने १९९२ मध्येच महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आमच्याकडे अजून पोटच बिघडतंय.

शिवाय आमच्याकडे कारण सांगितल्यावर घासाघीस सुरू होते. "वडिलांना डॉक्टरकडे न्यायचंय" म्हटलं की "मग दुपारनंतर येशील ना?" "गावी चाललेय" म्हटलं की "लॅपटॉप सोबत ठेव, एकच कॉल आहे." मागच्या मे महिन्यात कराडच्या स्टँडवर, एका हातात बॅग आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून मी तो एकच कॉल घेतला. पन्नास मिनिटं चालला. कारण न सांगता नुसतं "रजेवर आहे" लिहिणाऱ्याला कोणी असं विचारत नाही. म्हणजे खरं सांगणाऱ्याचंच नुकसान.

एचआरमध्ये बारा वर्षं

मला मूळ धाग्याच्या विरुद्ध बोलायचंय, आणि त्याच ऑपरेटरच्या बाजूने.

त्या माणसाला काय हवं होतं? कोणी विचारू नये हे, की मुलीच्या रक्ताचा दिवस पक्का मिळावा हे? कारण माहीत असतं तर त्याची साप्ताहिक सुट्टी त्या दिवसाला जोडता आली असती, नाहीतर पाळी बदलून देता आली असती. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया आहे, त्याच्या मुलीच्या प्रमाणपत्राचं आम्ही बघितलं असतं. अशी दोन-तीन कामं मी स्वतः केली आहेत. जे माहीतच नाही त्यात मदत कशी करणार? "मी विचारत नाही" हे ऐकायला आदराचं वाटतं, पण पुष्कळदा त्याचा अर्थ "मला तुझ्या घराशी देणंघेणं नाही" असा होतो. मी असे मॅनेजर पाहिलेत, जे कधीच काही विचारत नाहीत. त्यांच्या टीममधला माणूस राजीनामा देतो तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं की त्याच्या घरी वर्षभर काय चाललं होतं.

आणखी एक. आजारपणासाठी रजा हवी असेल तर १५ दिवस आधीची अट १९४८ चा कारखाने कायदा सोडून देत होता. पण त्यासाठी आजार आहे हे सांगावं तर लागायचंच ना?

भोसरीचा सुपरवायझर

एचआरताई, तुमचा मुद्दा मला लागला. दोन दिवस विचार केला. पण तुम्ही म्हणता ती मदत करणारा माणूस आणि पर्मनंटची यादी करणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. ज्याच्या हातात माझी भाकरी आहे त्याला मी माझं दुखणं कसं दाखवू? आधी यादी आणि दुखणं या दोन गोष्टी वेगळ्या करा, मग विचारा. माहिती कामगाराने आपणहून द्यावी. कार्डावर रकाना असला की ती वसूल केल्यासारखी होते.

इन्चार्जसाहेब, कार्ड वाचून दाखवलं ही माझी चूक होतीच, ती मी कोणावर ढकलत नाही. पण रकाना नसता तर वाचायला काय असतं? तीन वेळांची अटही मान्य. आमच्याकडे एकेक दिवसाची रजा कंपनीच्या रिवाजाने मिळते, त्यामुळे ती साहेबाच्या मर्जीवर जाते, आणि मर्जी आली की खोटं कारण आलंच. राहिला तुमच्या दोन अर्जांचा प्रश्न. मी गेल्या वर्षापासून एवढंच म्हणतो, "त्या दिवशी दोन अर्ज आहेत, एकालाच सोडता येईल, तुमच्यात ठरवा." सातातल्या सहा वेळा त्यांनी आपसात मिटवलं. सातव्या वेळी भांडण माझ्याकडे आलं आणि मी दोघांनाही सोडून स्वतः मशीनवर उभा राहिलो. दोन पोरांनी गैरफायदाही घेतला, सोमवारी रजा टाकायला लागले. त्यांच्याशी मी सोमवारांबद्दल बोललो. कारण तरीही विचारलं नाही.

जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक

सरकारी बाजू मांडतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये स्पष्ट आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर मंजूर करणारा अधिकारी ती नाकारू शकतो. कारण विचारणं यातूनच येतं, त्यात अपमान काही नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त विश्वास वाटला तो अर्ज हातात घेऊन "बस, काय झालं?" असं विचारणाऱ्या साहेबांचा. वडील गेले तेव्हा ते अंत्यविधीला आले. न वाचता सही करणारेही साहेब होते, त्यांची नावंसुद्धा आज आठवत नाहीत.

तुर्भ्यातला, मूळचा राजापूरचा

गणपतीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या लाइनवर निम्मे कोकणातले. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे चतुर्थीच्या दोन (पूर्वी चार) महिने आधी पहाटे उठून तिकीट काढायचं, आणि रजा मंजूर आहे की नाही हे आदल्या आठवड्यात कळायचं! दरवर्षी ऑगस्ट महिना साहेबांच्या मागे फिरण्यात जायचा. कारण तर अख्ख्या जगाला ठाऊक, तरी लिहायचं "घरगुती काम".

तीन वर्षांपूर्वी आलेल्या मॅनेजरांनी जूनमध्येच कॅन्टीनच्या भिंतीला पांढरा बोर्ड लावला. बावीस नावं आणि दहा दिवस. म्हणाले, मशीन चालायला रोज अकरा माणसं हवीत, बाकीचं तुम्ही भरा. पहिल्या दिवशी ओढाताण झाली. मग मराठवाड्यातले चौघे आपणहून म्हणाले, गणपतीत आम्ही थांबतो, पण ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला आम्हाला सोडा. तेही बोर्डवर लिहिलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडे कारण कोणी विचारत नाही आणि कोणी लपवतही नाही. इन्चार्जसाहेब, हे करून बघा.

शिफ्ट इन्चार्ज, रांजणगाव

बोर्ड चांगला आहे, करून बघतो. पण गणपती आणि सोयाबीन तारखेने येतात. अडचण पहाटे पाचला येणाऱ्या फोनची असते. "साहेब, आज जमत नाही." त्या फोनला मी "बरं" एवढंच म्हणून ठेवून देऊ? मी "काय झालं?" विचारणारच. त्यात संशय नसतो. मागच्या पावसाळ्यात असंच विचारलं म्हणून कळलं की त्याची बायको बाळंतपणात अडलीय आणि गाडी मिळत नाही. कंपनीची गाडी पाठवली. सुपरवायझरसाहेब, तुमचा नियम पाळला असता तर ती गाडी गेली नसती. माझं मत मी बदललेलं नाही.

ठाण्याची, आयटीत

"काय झालं?" आणि "कशासाठी हवीय?" हे एकच प्रश्न आहेत का? पहिला ऐकला की मी बोलते. दुसरा ऐकला की मला पोट आठवतं.

चाकण, ठेकेदाराकडे

सगळं वाचलं. आमच्याकडे कार्डच नाही, रकाना तर लांबची गोष्ट. रात्री ठेकेदाराच्या माणसाला फोन करायचा. तो कारण विचारत नाही. "ठीक आहे, उद्या दुसरा पाठवतो" म्हणतो, आणि त्या दिवसाचे पैसे गेले. सलग दोन दिवस गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही. काम त्याच मशीनवर, टोपीचा रंग तेवढा वेगळा. कंपनीच्या सुपरवायझरने मला रजेचं कारण कधीच विचारलेलं नाही, कारण त्यांच्या लेखी मी रजेवर जातच नाही, फक्त बदलला जातो. कोणी विचारलं असतं तर मला आवडलं असतं. शिल्लक रजेबद्दल बोलताय, तर तुमच्या पाळीत ती किती जणांच्या नावावर आहे ते आधी मोजा.

भोसरीचा सुपरवायझर

मोजलं. माझ्या पाळीत ३१ माणसं आहेत, त्यातली १२ ठेकेदाराची. त्यातले पाच जण तीन वर्षांहून जुने. २४० दिवस त्यांचेही केव्हाच भरलेत, पण रजेची कार्डं मी आजवर १९ जणांचीच पाहिली. बाकीच्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते, ती मी कधी मागितली नाही. सोमवारी मागतो. काय मिळतं ते इथेच लिहीन.